बाण कापायचा कशाने?

कार्बनचा बाण दुकानातून येतो तो तीस-बत्तीस इंचांचा. तो आपल्या खेचीप्रमाणे कापून घ्यावा लागतो, आणि हे काम तिरंदाजाने स्वतः शिकावं असं माझं ठाम मत आहे. कारण कापणं म्हणजे नुसतं आखूड करणं नव्हे. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की जी नळी अर्धा इंच लवते, तिला ५०० स्पाइनची म्हणतात. तीच नळी इंचभर छाटली की ताठ वागू लागते आणि धनुष्यातून सुटताना बाजूला झुकते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाचा बाण मी कधीच नेमका कापत नाही, थोडा लांब राखतो. छाटलेलं परत जोडता येत नाही.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीच्या कम्पाउंड प्रकारात जगज्जेते झाले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेली, अदिती तेव्हा अवघी १७ वर्षांची. त्यानंतर आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मुलांच्या घरून प्रश्न येऊ लागले. पहिला प्रश्न खर्चाचा. बाण कापायचं खास परदेशी यंत्र घ्यायचं तर हजारोंची बात, आणि ते वापरायचं वर्षातून काही वेळा. आईबापांना मी ते घ्यायला सांगत नाही.

मग कशाने कापायचं? घराघरात हॅकसॉ असतो, पण कार्बनवर त्याचा दात चालला की तंतू उपटले जातात, टोक पिंजतं आणि आत न दिसणारी चीर पडते. प्लंबरचा पाइप-कटर त्याहून वाईट, तो नळी दाबतो आणि कार्बनला दाब सोसत नाही. अॅल्युमिनियमच्या बाणाला मात्र हाच कटर चालतो, फक्त आत वळलेली कड रीमरने काढून घ्यावी. देशी बांबूच्या धनुष्याने खेळायच्या इंडियन राउंडचे बांबूचे बाण असतील तर बारीक दाताची करवत आणि कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे एवढं पुरतं.

कार्बनला दात नको, वेगाने फिरणारी पातळ चकती हवी. मुंबईत नागदेवीच्या बाजारात साधा चार इंची ग्राइंडर मिळतो, मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणारा. त्याला लोखंड कापायची एक मिलिमीटर जाडीची चकती लावायची. चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगाहून जास्त आहे ना, हे दुकानातच वाचून घ्यावं. वेल्डरकडचं चौदा इंची चॉप सॉ दिसायला दणकट असतं, पण फेरे कमी आणि चकती जाड, त्यामुळे इथे निरुपयोगी. पैसे उरले तर ते ग्राइंडरच्या स्टँडवर घालावेत. हातात धरलेला ग्राइंडर थरथरतो आणि काप तिरका जातो.

बाकीचं सुताराच्या तुकड्यांतून उभं राहतं. सागवानी पट्टीला लांबीभर खाच, त्यात बाण बसतो. मागे नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी खाच, टेकायला सरकता ठोकळा. स्केलवर अंतर एकदा बांधलं की सगळा संच एकाच मापाचा निघतो. चकती नळीला लागताक्षणी बाण बोटांनी सावकाश गोल फिरवत राहायचं, म्हणजे काप चहूबाजूंनी आत जातो आणि शेवटचा तंतू फाटत नाही. मग टोकाला मार्करची शाई लावायची आणि सपाट फळीवर डकवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर बाण उभा धरून फिरवायचा. शाई सगळीकडून सारखी उडाली तर टोक काटकोनात आहे. एका बाजूला शाई उरली तर पॉइंट, म्हणजे बाणाचं पुढचं अणकुचीदार टोक, तिरका बसणार आणि तो बाण संचातल्या इतरांपासून वेगळा पडणार.

आता धुळीचं. १६० चौरस फुटांच्या खोलीत, जिथे त्याच जागेत स्वयंपाक आणि झोप, तिथे कार्बन कापू नये. ही धूळ फुप्फुसात जाते, कातडीला खाज आणते, शिवाय ती वीजवाहक असल्याने पंख्यात, टीव्हीत शिरली की बिघाड करते. पॅसेज सगळ्यांचा, तिथे पोरं खेळतात. म्हणून गच्ची. वरळीला दुपारी समुद्राचा वारा सुटतो आणि धूळ शेजारच्या खिडक्यांत जाते, तेव्हा सकाळी नऊ-दहाची वेळ बरी. एन-९५ मास्क आणि चष्मा लावायचा, कापाखाली ओलं फडकं अंथरायचं आणि नंतर झाडू न मारता ओल्यानेच पुसून घ्यायचं. ग्राइंडरचा गार्ड काढायचा नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्यापैकी ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा वाढली तरी ही खबरदारी तीच राहील. ग्राइंडर आणि पट्टी मात्र दर घराने वेगळी घेण्याची गरज नाही, चार-पाच घरांत मिळून एक पुष्कळ झाली.

कापून झालेला प्रत्येक बाण अंगापासून दूर धरून वाकवा आणि दोन्ही हातांनी हलकेच पिळा. करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडा, धनुष्यावर चढवू नका. चीर गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याची शलाका धनुष्य धरलेल्या हातात घुसते.