डिक्कीचं कुलूप

माझ्या तीनचाकी स्कूटरच्या डिक्कीचं कुलूप आज अडून बसलं. कागदपत्रं, डबा, सगळं आत. नांदेडचे भाऊजी फोनवर म्हणाले, ‘दोन थेंब खोबरेल सोड.’ लातुरात १६ रस्ते जिथे मिळतात त्या गंजगोलाईतल्या किल्लीवाल्याने मात्र हात आडवा केला. ‘तेलावर धूळ बसते, भाऊ.’ त्याने ब्रशने भोक झाडलं, पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासलं, किल्ली हलकेच आतबाहेर केली आणि कुलूप उघडलं. आतल्या पट्ट्या किल्लीच्या खाचांनुसार सरकल्या तरच कुलूप फिरतं. एक अडकली की सगळं ठप्प. शिशातलं ग्रॅफाइट हे कोरडं वंगण, मराठवाड्याच्या धुळीला तेच बरं. पाय साथ देत नसले, की हाताला येणारी डिक्की फार मोलाची. ‘जरा काढून देता का?’ असं दर वेळी कुणाला म्हणावं लागत नाही. भाऊजींना कळवलं. म्हणाले, ‘मग खोबरेल डोक्याला लाव!’