चाव्यांची वही

बुधवार, 13 मार्च 2024

सकाळपासून फोन थांबायला तयार नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं कालच्या तारखेचं पत्र सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना गेलंय. 23 जातींची कुत्री आणि त्यांचे संकर माणसाच्या जिवाला धोकादायक, त्यांच्या पैदाशीला आणि विक्रीला परवाने देऊ नका, घरात आधीच असतील त्यांची नसबंदी करून घ्या, असा मजकूर. पत्राचा फोटो एव्हाना पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांच्या घरी रॉटवायलर आहे ते विचारतात, "डॉक्टर, उचलून नेतील का हो?" ज्यांच्या शेजारी आहे ते विचारतात, "कधी नेणार?"

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर यादी नीट वाचली. पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो अपेक्षितच होते. तोसा दोनदा आलाय, बोअरबोलही दोनदा. एके ठिकाणी नुसतं 'टेरियर' लिहून मोकळे झालेत. म्हणजे अक्षरशः घ्यायचं तर दर महिन्याला नखं कापायला मांडीवर बसून येणारी यॉर्कशायर टेरियरही बंदीत सापडली. जर्मन शेफर्ड मात्र सुटला.

माझ्या हातांवरच्या जुन्या खुणा बहुतेक पॉमेरेनियनच्या आहेत, दोनेक लॅब्राडॉरच्या. पण त्या खुणाच आहेत, हात शाबूत आहे. पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याने तोच राग काढला असता तर हे लिहायला दुसरा हात लागला असता. "सगळी कुत्री सारखीच" म्हणणाऱ्या श्वानप्रेमींना हे ऐकवलं की ते नाराज होतात.

शुक्रवार, 15 मार्च

सुलतान आला होता. रॉटवायलर, दोन वर्षांचा, छाती दाराएवढी. मालक पंचविशीतला, जिममध्ये जाणारा. टेबलावर चढवल्यावर सुलतान एकदम स्थिर झाला. नवख्याला वाटावं किती शहाणा आहे. तोंड मिटलेलं, मान ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा भाग दिसायला लागलेला, जिभेने एकदा नाक चाटलं. मी हात मागे घेतला. "आता गुरगुरायला हवा होता," मी म्हणालो. मालक अभिमानाने म्हणाला, "गुरगुरत नाही डॉक्टर. लहानपणीच मोडलंय ते. गुरगुरला की फटका."

हीच तर पंचाईत. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली नोटीस. ती देण्याबद्दल मार बसतो हे कळलं की कुत्रं नोटीस देणं सोडतं, राग सोडत नाही. मग घरचे सांगतात, "काही कारण नसताना अचानक चावला."

जाळीचं मुसकं चढवून लस दिली. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं, पाणीही पिता येतं. बाजारात मिळणारं कापडी मुसकं तोंड बांधून टाकतं. पुण्याच्या मार्चमध्ये ते घालून फिरवलं तर कुत्रं उष्माघाताने जायचं. मालकाला जाळीचं घ्यायला सांगितलं. "लोक घाबरतात ना त्याने," म्हणाला. म्हटलं, आत्ता काय कमी घाबरतात?

रविवार, 17 मार्च

सुलतानच्या सोसायटीत सभा. चेअरमननी मला 'तज्ज्ञ' म्हणून बोलावलं. ठराव तयारच होता: यादीतली कुत्री सोसायटीत नकोत. सांगावं लागलं की प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्वसाधारण सभेला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लगेच दोन तट पडले. कुणीतरी जुलै 2022 ची लखनौची घटना काढली. निवृत्त शिक्षिका, वय 82, मुलानेच पाळलेल्या पिटबुलने घरात जीव घेतला. पुढे गाझियाबादने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगोवर बंदी आणली. सुलतानचा मालक म्हणाला, "आमचा खूप प्रेमळ आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. "असेल रे बाबा. पण लिफ्टमध्ये त्याचं तोंड माझ्या नातवाच्या तोंडासमोर येतं. तो प्रेमळ आहे हे माझ्या नातवाने कशावरून ओळखायचं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि ते मालकाने शोधायचं, आजींनी नव्हे.

मी एवढंच विचारलं, "याआधी कधी कुणाला चावलाय का?" सगळे गप्प. मग वॉचमनने दारातून सांगितलं की दिवाळीच्या सुमारास पार्सल घेऊन आलेल्या पोराचं मनगट धरलं होतं. मालकाने इंजेक्शनचे पैसे दिले, मिटलं. चेअरमनना माहीत नव्हतं, सेक्रेटरींना नव्हतं. या सोसायटीत पाण्याच्या टँकरची नोंदवही आहे, पाहुण्यांच्या गाड्यांची आहे. चाव्याची नाही.

बुधवार, 20 मार्च

रात्री जुने कागद काढून बसलो. अमेरिकेत 1979 ते 1998 या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या मृत्यूंचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात 238 मृत्यू तपासले होते. निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल प्रकारची कुत्री आणि रॉटवायलर. इथवरचा भाग बंदीवाले सांगतात. त्याच अभ्यासात जीव घेणाऱ्या जाती किमान 25 निघाल्या. हा भाग श्वानप्रेमी सांगतात. अभ्यासकांचं म्हणणं निराळंच होतं: देशात कुठल्या जातीची कुत्री किती आहेत हेच धड माहीत नसेल, तर कुठली जात किती धोक्याची हे आकड्यांनी ठरवता येत नाही.

ब्रिटनची गोष्ट तर यादी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. 1991 च्या कायद्याने पिटबुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. पिटबुलच्याच रक्ताचं, त्याहून धिप्पाड कुत्रं पुढे 'एक्सएल बुली' या नावाने आलं. नाव यादीत नव्हतं, त्यामुळे पैदास राजरोस चालली. माणसं मेल्यावर 2023 च्या शेवटी तेही यादीत घातलं. आता ते ठेवायचं तर नसबंदी, मायक्रोचिप, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आणि बाहेर नेताना पट्टा व मुसकं, एवढ्या अटी. अटी चोख आहेत. फक्त त्या कुत्र्याच्या नावावरून लागू होतात, वागण्यावरून नाही. हॉलंडने 1993 मध्ये आणलेली पिटबुलबंदी 2008 मध्ये उठवली.

आणि आपल्याकडे जात ओळखणार कोण? रस्त्यावरच्या पैदासवाल्याकडून कागदाशिवाय घेतलेलं पिल्लू. बाप कोण ते आईलाच ठाऊक.

शनिवार, 23 मार्च

सकाळी दवाखान्याच्या ग्रीलला साखळीने बांधलेली पिटबुल मादी. शेजारी अर्धा पाव आणि स्टीलची वाटी. चिठ्ठी नाही. कान मुळापासून कापलेले, कडा वेड्यावाकड्या. पशुवैद्याच्या हातचं काम नव्हे ते, घरातल्याच कात्रीचं असणार. स्तन लोंबलेले, म्हणजे बरीच बाळंतपणं झालेली. वय चारच्या आसपास. जवळ गेलो तर पोट वर करून पडली.

पत्र निघून दोन आठवडे झाले नाहीत तोच हे सुरू झालं. 1960 च्या कायद्याने प्राणी असा सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी जास्तीत जास्त दंड 50 रुपये. ती साखळीच त्याहून महाग असेल.

कंपाउंडर लांब उभा. "सर, यांचा जबडा लॉक होतो म्हणे." होत नाही. पिटबुलच्या जबड्यात कुठलाही वेगळा खटका नसतो. धरलेलं सोडायचं नाही, ही जिद्द मात्र तिच्यात आहे. झुंजीसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून ती वाढवली. ती नाकारण्यात अर्थ नाही. कुणाच्या हातात ती द्यायची, हे ठरवण्यात आहे.

मंगळवार, 2 एप्रिल

संध्याकाळी गल्लीतला शिंपी सात वर्षांच्या मुलाला घेऊन धावत आला. पोटरीवर दोन खोल छिद्रं, रक्त वाहतंय, वर हळद भरलेली. माझा दवाखाना जनावरांचा, पण निदान जखम धुता येते. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतली. मूल किंचाळत होतं. मग महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. लसीच्या तारखा कागदावर लिहून दिल्या: आज, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. जखम खोल आहे, तेव्हा जखमेत इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्या, असंही बजावलं.

"कुणाचं कुत्रं?" ते त्यांना माहीत नव्हतं. पट्टा होता, म्हणजे पाळलेलं. दुचाकीवर पुढे बसवलेलं होतं, उडी मारली, चावलं, गाडी निघून गेली. कुत्रं सापडलं तर ते दहा दिवस नजरेखाली ठेवता येतं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं, पोराच्या आईला झोप लागते. न सापडल्यास नुसती काळजी.

दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलं जाईल 'श्वानदंश, वर्ग 3'. तिथे चावा नोंदला जाईल, कुत्रं नाही. महापालिकेच्या परवान्याच्या दप्तरात ते कुत्रं असलंच तर तिथे कुत्रं असेल, चावा नाही. या दोन कागदांची आयुष्यात कधी भेट होत नाही.

आजपासून दवाखान्यात एक वही घातली. येणारं कुत्रं कुणाला, कधी, कुठे, काय चाललं असताना, किती खोल चावलं. पहिल्या पानावर सुलतान. मालकाने आढेवेढे घेतले, पण सांगितलं.

गुरुवार, 11 एप्रिल

काल कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्राचं पत्र रद्द केलं. संबंधितांशी सल्लामसलत केली नाही, हे मुख्य कारण. हवं तर रीतसर चर्चा करून नव्याने काढा, असंही म्हटलं. आज पुन्हा फोन. रॉटवायलरवाले पेढे वाटल्यासारखे बोलत होते. म्हटलं, जिंकलात कशात? पत्र गेलं, लिफ्ट तीच आहे, आजीही त्याच.

सुलतानचा मालक मात्र जाळीचं मुसकं घेऊन आला. घालायला शिकवलं: आधी आत शेंगदाण्याचं लोणी लावायचं, नाक आपणहून आत जाऊ द्यायचं, बंद लगेच आवळायचा नाही. आठवडाभर रोज थोडं थोडं. शिवाय मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. पंधरा आकडी नंबर वहीत सुलतानच्या नावापुढे.

मंगळवार, 2 जुलै

कालपासून भारतीय न्याय संहिता लागू. वकील मित्राने कलम 291 वाचून दाखवलं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या 289 मध्ये दंड हजार रुपये होता.

त्यानेच मुंबईचा खटला सांगितला. 2010 मध्ये नेपियन सी रोडवर गाडीत भुंकणारा रॉटवायलर, दार उघडू नका असं सांगूनही मालकाने दार उघडलं, आणि 72 वर्षांच्या गृहस्थांना चावे बसले. गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिने कैद सुनावली ती जानेवारी 2023 मध्ये. साडेबारा वर्षं.

"यात जातीचा उल्लेख लागतच नाही," मित्र म्हणाला. "मालकाला धोका ठाऊक होता का, एवढं दाखवायचं." आणि ठाऊक होता हे दाखवणार कसं? पार्सलवाल्या पोराचं मनगट कुठे लिहिलेलं असेल तरच.

शनिवार, 23 ऑगस्ट 2025

दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने काल आपलाच 11 तारखेचा आदेश बदलला. आधी सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं होतं. आता नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडा म्हणतात, रेबीजची लागण झालेली किंवा शंका असलेली आणि आक्रमक वागणारी सोडून. इथल्या गल्लीतही आज त्याच गप्पा.

जातींच्या यादीपेक्षा हे बरं. निदान वागण्याकडे बोट दाखवलंय. पण 'आक्रमक' कोणी ठरवायचं? शिंप्याच्या गल्लीतला काळ्या पाठीचा कुत्रा दोन घरांना राक्षस वाटतो, चार घरं त्याला रोज दूध-पोळी घालतात. उद्या गाडी आली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं चालेल.

सरकारी आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये देशात 37 लाखांवर श्वानदंश नोंदले गेले. प्रत्येकामागे एक कुत्रं होतं, एक जागा होती, एक वेळ होती. दवाखान्याच्या केसपेपरवर आणखी तीन रकाने छापले, पाळीव की भटकं, कुणाचं किंवा कुठल्या गल्लीतलं, पूर्वी चावलंय का, आणि तो कागद आठवड्याला महापालिकेच्या श्वान विभागाकडे गेला, तर कुठल्या कुत्र्याला मुसकं हवं, कुणाला निवारा आणि कुठल्या मालकाला नोटीस, हे आवाज चढवल्याशिवाय ठरेल. छोटा चावा नोंदला गेला तर मोठ्याची वाट पाहावी लागणार नाही.

माझ्या वहीतली नोंद अशी रकान्यांत मांडून विभागाला देण्याचं ठरवलंय. सोमवारी स्वतः जाऊन देतो. पोच मात्र घेईन.