बाटलीवरचे दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही हा धडा मराठीत वाचत आहात. याआधीच्या तासाला तुम्ही कदाचित उर्दू वाचली असेल आणि पुढच्या तासाला इंग्रजी वाचाल. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. एका दिवसात तीन लिप्या! तुम्हाला त्याचे काही वाटत नाही, कारण सवय झाली आहे. पण या तीन लिप्यांपैकी एक वाचता न आल्यामुळे आमच्या घरात एकदा काय घडले, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

ही गोष्ट 1979 सालची. आम्ही साताऱ्याला सदर बाजारात राहत होतो. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. मी उर्दू शाळेत सहावीत होतो. त्या काळी आपल्या राज्यात मराठी आणि उर्दू शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे मला इंग्रजी शिकून एक वर्ष झाले होते आणि घरात इंग्रजी ‘जाणणारा’ मी एकटाच होतो.

पावसाळ्याचे दिवस होते. अजिंक्यतारा सकाळपासून ढगात बुडालेला असे. दादीला ताप आला आणि तो उतरेना. अब्बांनी दवाखान्यातून औषधाची बाटली आणली. कंपाउंडर घाईत होता. तो म्हणाला, “बाटलीवर लिहिलंय तसं द्या.” अब्बांनी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बेटा, वाच बरं काय लिहिलंय.”

बाटलीवर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत दोन शब्द होते. मी पहिल्या शब्दातले एकेक अक्षर म्हटले : एस, एच, ए, के, ई. सगळी अक्षरे मला ओळखता आली. पण त्यांचा मिळून शब्द काय होतो, ते काही केल्या कळेना. दुसरा शब्द मात्र ओळखीचा निघाला. डब्ल्यू, ई, एल, एल, वेल. वेल म्हणजे विहीर! आमच्या तक्त्यावर त्या शब्दाशेजारी विहिरीचे चित्र होते. अब्बा, अम्मी, दादी, सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. ‘मला येत नाही’ असे म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, “पाण्याबरोबर घ्या, असं लिहिलंय.”

अब्बांचा चेहरा फुलला. ते दादीला म्हणाले, “बघ अम्मा, तुझा नातू इंग्रजी वाचतो!”

चार दिवस दादी पाण्याबरोबर औषध घेत राहिली. ताप काही हटेना. पाचव्या दिवशी डॉक्टर घरी आले. त्यांनी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढऱ्या गाळाचा जाड थर बसला होता.

“औषध हलवून देत नव्हता का?” त्यांनी विचारले. “खरं औषध तर खाली बसलंय. वरचं नुसतं पाणी पोटात गेलं. आणि हे खालचं एकदम दिलं असतं, तर ते जास्त झालं असतं. बाटलीवर लिहिलंय ना, नीट हलवा म्हणून!”

अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिले. ते रागावले नाहीत, एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. दुसऱ्या बाटलीने दादी बरी झाली. पण ते पाहणे मी आजही विसरलेलो नाही.

मित्रांनो, मी आळशी विद्यार्थी नव्हतो. आम्हाला रोज दहा स्पेलिंग पाठ करावी लागत. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे बिल्ली’ असे आम्ही सुरात म्हणायचो. माझे एकही स्पेलिंग चुकत नसे. पण पाठ केलेल्या शब्दांच्या बाहेरचा एखादा शब्द समोर आला, की माझी वाट तिथेच संपे. ‘सी-ए-टी’ या तीन नावांतून ‘कॅट’ हा शब्द कसा निघतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते.

पुढे मी शिक्षक झालो. जून 2000 मध्ये आपल्या राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. मी कसा शिकवू लागलो? जसा शिकलो होतो तसाच! मी म्हणायचो, मुले मागून म्हणायची. दिवाळीपर्यंत सगळा वर्ग पुस्तक ‘वाचू’ लागला. पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसे. ती तर एकदाही अडखळत नसे. तिच्या नावापुढे मी ‘वाचन उत्तम’ असे लिहिले.

एके दिवशी ती उभी राहून वाचत होती. खिडकीतून वारा आला आणि तिच्या पुस्तकाचे पान उलटले. ती थांबली नाही. तिच्यासमोर दुसरेच पान होते आणि ती मात्र मागच्याच पानावरचा मजकूर खडाखडा म्हणत राहिली. मुले हसली. मला हसू आले नाही. मला ती बाटली आठवली. ही मुलगीही उद्या कोणाला तरी ‘पाण्याबरोबर घ्या’ असेच सांगणार होती, आणि ते शिकवणारा मी होतो.

मी वडीलधाऱ्या शिक्षकांना विचारले, मिळाली ती पुस्तके वाचली. तेव्हा मला कळले, की अक्षरांची नावे घोकण्याऐवजी आधी त्यांचे आवाज शिकवायचे, अशी एक पद्धत आहे. तिला फोनिक्स म्हणतात. इंग्रजीत अक्षरे 26 आहेत, पण त्यांतून सुमारे 44 आवाज निघतात. मुलांना हे आवाज एकेक करून द्यायचे आणि ते जोडून शब्द वाचायला शिकवायचे. योगायोग असा, की त्याच 2000 साली अमेरिकेतील वाचनविषयक राष्ट्रीय समितीने पुष्कळ अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला होता, की आवाज क्रमाने शिकवले तर मुलांना वाचायला चांगली मदत होते.

मी फळ्यावर आपल्या गावाचे नाव इंग्रजीत लिहिले. एस, ए, टी, आर या चारच अक्षरांत ‘सातारा’ मावते! त्यातली पहिली तीन अक्षरे मी घेतली. “यांची नावं विसरा,” मी म्हणालो. “एस म्हणतो स्, ए म्हणतो ॲ, टी म्हणतो ट्. आता जोडा.” मुले हळूहळू म्हणाली, “स्… ॲ… ट्… सॅट!” मग मी पी, आय आणि एन ही आणखी तीन अक्षरे दिली. मुलांनी स्वतःच ‘पिन’, ‘टिन’, ‘टॅप’ असे शब्द तयार केले. वर्गात एकच गोंधळ झाला. पण त्या दिवशी मी कोणालाही गप्प बसवले नाही.

मी ‘बी’ लिहून ‘ब्’ हा आवाज सांगितला, तेव्हा ती पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “सर, हे तर आपल्या ‘बे’सारखंच आहे. त्याचं नाव ‘बे’, पण ‘बस’ वाचताना ते फक्त ‘ब्’ म्हणतं!”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो होतो, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. मराठीत ‘क’ या अक्षराचे नाव आणि आवाज एकच. म्हणून मराठी मुलाला ‘सी’ हे अक्षर ‘क्’ कसे म्हणते, याचे नवल वाटते. तुम्हाला वाटायला नको. तुम्ही लहानपणी कायदा शिकताना जीम, लाम, मीम ही नावे आणि ज्, ल्, म् हे आवाज वेगळे करायला शिकला आहात.

आणखी पाहा. उर्दूत ‘बे’ला दोचश्मी हे जोडली की ‘भ’ होतो. इंग्रजीत एसला एच जोडला की ‘श्’ होतो. एकाच आवाजासाठी अनेक अक्षरे असतात, हेही तुम्हाला नवे नाही. ‘स’साठी तुमच्याकडे से, सीन आणि स्वाद आहेत, इंग्रजीत ‘क्’साठी सी, के आणि क्यू आहेत. अलिफ आणि सीन जोडून लिहिले तर तो शब्द ‘इस’ आहे की ‘उस’, हे तुम्ही वाक्यावरून ठरवता, कारण तिथे झेर किंवा पेश लिहिलेला नसतो. इंग्रजीत आर, ई, ए, डी ही चार अक्षरे कधी ‘रीड’ होतात तर कधी ‘रेड’. तेही वाक्यावरूनच ठरवावे लागते. म्हणजे जी भाषा तुम्हाला परकी वाटते, तिची किल्ली तुमच्या कायद्यातच आहे.

पण मी तुम्हाला अर्धवट गोष्ट सांगणार नाही. ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. आमच्या वर्गाने शिकलेल्या आवाजांनी गावाचे नाव वाचले, तेव्हा ते ‘सॅटॅरॅ’ झाले! सगळे पोट धरून हसले. इंग्रजीत ‘त’ आणि ‘ट’ यांना वेगळी अक्षरे नाहीत आणि आपल्या गावांची नावे इंग्रजीच्या नियमांनी चालत नाहीत. ती ओळखीने वाचावी लागतात. शिवाय इंग्रजीत काही अक्षरे नुसती उभी असतात, बोलत नाहीत. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभी के असतो. फार पूर्वी तो उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छापलेली स्पेलिंग पुढे हळूहळू पक्की होत गेली, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. जीभ पुढे गेली आणि अक्षरे मागे राहिली. असे शब्द लक्षातच ठेवावे लागतात.

आणखी एक अडचण आपली, म्हणजे ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांची आहे. इंग्लंडमधल्या मुलाने ‘कॅट’ असा आवाज जोडला, की त्याला लगेच मांजर दिसते, कारण तो शब्द त्याने आईच्या तोंडून ऐकलेला असतो. आपल्या मुलाला आवाज जुळला तरी अर्थ मिळेलच असे नाही. म्हणून मी रोज आधी शब्द ऐकवू लागलो. वस्तू हातात घेऊन, कृती करून दाखवू लागलो. लिहायचे नंतर.

वाचन खरे की पाठ केलेले, हे पाहण्यासाठी मी एक युक्ती केली. ज्याला काहीच अर्थ नाही असा, माझ्या मनाने बनवलेला शब्द मी फळ्यावर लिहायचो. तो पाठ असणे शक्यच नव्हते! पुढे मला कळले, की इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिली-दुसरीच्या वयाच्या मुलांची अशीच एक चाचणी घेतात. तिच्यात 40 शब्द असतात आणि त्यांतले 20 निरर्थक असतात.

ती मुलगी तिसरीत गेली, तेव्हा एक दिवस मी घरून औषधाची एक बाटली वर्गात नेली. तिच्यावर तेच दोन शब्द होते. मी बाटली तिच्या हातात दिली. माझे हात थोडे थरथरत होते. मुलांना ते दिसले नसावे.

तिने शब्दावर बोट ठेवले. “एस आणि एच मिळून श्. शेवटचा ई गप्प. म्हणून ए आपलं नाव सांगतो. मग क्. श्… ए… क्. शेक!” क्षणभर ती थांबली आणि म्हणाली, “सर, शेक म्हणजे मँगो शेकमधला?”

मुले हसली. मी विचारले, “ज्यूसवाला शेक कसा करतो?” एक मुलगा उठला आणि दोन्ही हात वरखाली हलवून दाखवू लागला. ती मुलगी एकदम ओरडली, “हलवायचं! सर, बाटली हलवायची!” आणि तिने ती जोराने हलवली. दुसऱ्या शब्दाचा अर्थ मात्र मीच सांगितला : इथे विहीर नव्हे, ‘नीट’.

त्या दिवशी मला समजले, की सहावीत असताना ‘शेक’ हा शब्द मला वाचता आला नाही. वाचता आला असता, तर निदान कोणाला तरी विचारता आला असता. मित्रांनो, तुमच्या कानांत आज कितीतरी इंग्रजी शब्द साठलेले आहेत. बस, पंप, टायर, स्कूल, डॉक्टर, तिकीट, बिस्कीट. ते तुम्ही पाठ केलेले नाहीत. ते ऐकता ऐकता आत आले. कागदावरच्या अक्षरांतून आवाज काढता आला, की कानातला शब्द जागा होतो. आणि जो शब्द कानात नसेल, तो नीट वाचून दुसऱ्याला विचारता येतो. विचारायला लाज वाटू देऊ नका. मला ती लाज फार महाग पडली.

तुमच्या घरी पहिली-दुसरीतले भाऊ-बहीण असतील. ते पुस्तक धडाधडा म्हणत असतील, तर त्यांचे कौतुक जरूर करा. पण मग हळूच पान उलटा आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. तो आला नाही तर रागावू नका. त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, “हे अक्षर काय म्हणतं?” नाव विचारू नका, आवाज विचारा.

माझी दादी आता नाही. तिला तिच्या आजाराची खरी हकीकत कळली होती; तरीही शेजारणींना ती सांगत राहिली, की आमचा मुलगा इंग्रजी वाचतो. तिचे ते बोलणे खरे करायला मला पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला.