यंत्राची धाप आणि ओवीचा खंड

मौखिक साहित्याच्या अभ्यासात गायिकेविषयी, संहितेविषयी, संकलकाच्या दृष्टीविषयी बरेच लिहिले जाते. ज्या यंत्रांत तो आवाज साठवला जातो, त्यांच्या उष्णतेविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. तो तंत्रज्ञांचा विषय, असे समजून सोडून दिला जातो. लोहारा आणि आसपासच्या गावांत काही उन्हाळे जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्यानंतर आमचे मत वेगळे झाले आहे. ओवी कुठे थांबली, हे ठरवण्यात यंत्राच्या तापण्याचाही हात असतो. म्हणून हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे.

ध्वनिमुद्रणासाठी आम्ही उन्हाळा निवडतो तो हौसेने नव्हे. रब्बीची ज्वारी, हरभरा घरात आला की बायकांना थोडी उसंत मिळते, आणि ती चैत्र-वैशाखातच. त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. बहुतेक घरे सिमेंटच्या स्लॅबची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीप्रमाणेच आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांखाली या परिसरात हजारो माणसे गेली. त्या घरांत उन्हाळ्यात गारवा असे, हे खरे. पण त्याच भिंतींनी माणसे गाडली, हेही तितकेच खरे. म्हणून जुन्या घरांच्या गारव्याचे गोडवे गाणे आम्हांला जमत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते खोलीत सोडत राहतो, एवढी वस्तुस्थिती स्वीकारूनच कामाला लागावे लागते.

आमची यंत्रे रॅकमध्ये बसवलेली असतात. टेलिफोन केंद्रांतून आलेला हा १९ इंची मापाचा सांगाडा. त्यातील एका घराची उंची पावणेदोन इंच. एकावर एक यंत्रे नीट रचता येतात, वाहून नेता येतात; पण खालच्याची ऊब वरच्याला मिळते. यंत्राने घेतलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. तीनशे वॅट वीज खाणाऱ्या रॅकमधून जाणारी हवा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे पंचवीस लिटर हवा आतून वाहती ठेवावी लागते. पंखा हवा गार करत नाही, ती फक्त हलवतो. खोलीच चाळीस अंशांवर असेल तर बाहेर पडणारी हवा पन्नास अंशांची असणार. आणि अनेक यंत्रांची मर्यादा मुळात खोलीच्या चाळीस अंशांचीच असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तर दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होत जाते. ते उतरणीला लागले की पुष्कळदा प्रथम आवाजात बारीक गुणगुण शिरते, आणि आजीच्या हळू आवाजातील ओवीवर ती गुणगुण कायमची उमटते.

उपाय साधे आहेत. सर्वांत तापणारे ध्वनिवर्धक वरच्या भागात ठेवावे, म्हणजे त्याची ऊब इतरांना लागत नाही. खालून हवा यावी, वरून जावी. पंख्याच्या यंत्रांमधली रिकामी घरे उघडी न ठेवता पत्र्याने बंद करावीत. नाही तर मागे फेकलेली गरम हवा फटीतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. एक यंत्र पुढून हवा घेणारे आणि दुसरे मागून घेणारे असेल, तर ती शेजारी ठेवू नयेत. मळणीची धूळ जाळीवर बसते. जाळी रोज झाडावी. आणि धुळीच्या भीतीने चालू रॅकवर चादर टाकू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

खरी अडचण यापुढची आहे. पंख्याचा आवाज मायक्रोफोन ऐकतो. रॅक शेजारच्या खोलीत ठेवून लांब वायर ओढता येते. पण वृद्ध गायिकेच्या घरी आपण जातो तेव्हा घर एकाच खोलीचे असते आणि बाहेर गल्लीचा गलबला. मग दार लावायचे, पंखा बंद करायचा आणि घड्याळाकडे पाहत बसायचे. आमच्या मांडणीत वीस मिनिटांनी थांबावे लागते. एकदा एका आजींनी यंत्राला धाप लागली की काय, असे विचारले होते. जात्यावर दळणारी बाई मात्र पायलीचे दळण संपेपर्यंत गात असे. याच गावांत हलगीवाला वाजवण्याआधी कातडे विस्तवावर शेकतो, तेव्हा कुठे ते ताणून बोलू लागते. त्याच्या वाद्याला ऊब हवी; आमच्या पेटीला ती सोसत नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण पाठचिकित्सेशी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण तीन मिनिटे मावत, म्हणून त्या काळच्या बैठकीच्या गाण्याचे आपल्यापर्यंत आलेले रूप आखडलेले आहे. जाणते अभ्यासक ते लक्षात घेऊनच ऐकतात. ओवीबाबत ही सावधगिरी आपण बाळगत नाही. विसाव्या मिनिटाला आम्ही थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा सुरुवात केली, आणि आजींनी सीतेचा वनवास सोडून भावाची ओवी धरली. उद्याचा संशोधक या सांध्याला विषयांतर म्हणेल, कदाचित त्यात गायिकेच्या मनाचा सूक्ष्म व्यापार शोधेल. वास्तविक तिथे ध्वनिवर्धक निवत होता.

म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर आम्ही आता एक कागद ठेवतो: वेळ, खोलीचे तापमान, पंखा चालू की बंद, आणि थांबलो ते कोणाच्या सांगण्यावरून, गायिकेच्या की यंत्राच्या. संहिता छापताना हा कागद बहुधा गाळला जातो. विद्यार्थ्यांनी तो मागून घ्यावा, आणि नसेल तर का नाही, हे शिक्षकांना विचारावे.