भुईमुगाच्या रानातला हिवाळा

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल. तिथून आगगाडीने सुमारे तासाभराच्या वाटेवर गाप्योंग हे गाव लागते. गावाजवळून बुखान नदी वाहते आणि तिच्या पात्रात अर्धचंद्राच्या आकाराचे नामी नावाचे बेट आहे. धक्क्यावरून होडीत बसले की पाच-सात मिनिटांत पलीकडे. बेटही काही फार मोठे नाही, एकशे दहा-पंधरा एकरांचे. पण जगभरची माणसे तिथे येतात, आणि त्यांतली कितीतरी एका प्रेमकथेपायी येतात.

ती कथा म्हणजे ‘विंटर सोनाटा’ ही दूरचित्रवाणी मालिका. कोरियात ती २००२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये दाखवली गेली. भाग अवघे वीस. जून-सांग आणि यू-जिन ही शाळकरी मुले एकदा शाळा चुकवून नामी बेटावर येतात, सायकल चालवतात, बर्फाची बाहुली करतात. पुढे अपघातात जून-सांग गेल्याची बातमी येते. दहा वर्षांनी यू-जिनचे दुसरीकडे ठरत असतानाच हुबेहूब त्याच्यासारखा एक माणूस तिच्यापुढे उभा राहतो. त्याला मागचे काहीच आठवत नसते.

आमच्या घरी ही मालिका सीडीवर आली, मुलीच्या होस्टेलमधून. संवाद कोरियन, खाली इंग्रजी अक्षरे. मुलगी वाचून सांगायची आणि आमची सौ. ऐकायची. चार-पाच भागांनंतर सौ. म्हणाली, “आता सांगू नकोस, मला कळते आहे.” मी खताच्या मात्रांचे तक्ते पुढ्यात घेऊन बसायचो, पण डोळे पडद्यावरच. खरे सांगायचे तर स्मृती जाणे, परत येणे, शेवटी नायकाची दृष्टी जाणे हे सगळे जरा अतिच आहे. पण त्या उंच झाडांच्या रांगेतून दोघे चालत जातात ते खोटे वाटत नाही. वीस वर्षांनंतरही ती वाट डोळ्यांपुढे होती. म्हणून भाचा तिकडे नोकरीला लागल्यावर आम्ही दोघे गेलो.

नोव्हेंबर अखेर होती. भात निघालेले होते आणि रिकाम्या खाचरांत पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले मोठमोठे गोल गठ्ठे पडले होते. सौ.ला वाटले, कापूस. तो होता भाताचा पेंढा, जनावरांसाठी मुरवायला ठेवलेला. आपल्याकडे मुरघासासाठी मी किती गावांतून बोललो असेन!

बेटावरची ती झाडे मेटासिक्वोयाची. लांबून सुरूची आठवण होते, पण पान अगदी नाजूक, पिसासारखे. जात सूचिपर्णी, तरी हिवाळ्यात सगळी पाने झाडते. आम्ही गेलो तेव्हा ती तांबूस होऊन गळत होती आणि वाटेवर गंजाच्या रंगाचा थर साचला होता. हे झाड शास्त्रज्ञांना आधी दगडांतल्या अवशेषांवरून ठाऊक झाले, १९४१ साली. ते केव्हाच नामशेष झाले अशी समजूत होती. पण त्याच दशकात मध्य चीनमध्ये ते जिवंत उभे असलेले सापडले आणि १९४८ साली त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. मेला म्हणून सोडलेला माणूस परत येतो त्या गोष्टीला हेच झाड मिळावे, हा योगायोगच म्हणायचा.

आता बेटाचे सांगतो. पूर्वी पुराच्या दिवसांतच इथे चहूकडून पाणी व्हायचे. १९४४ साली खाली चोंगप्योंग धरण झाले आणि नामी कायमचे बेट बनले. १९६५ साली मिन ब्योंग-दो या गृहस्थांनी ते विकत घेतले. हे कोरियाच्या मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर. तेव्हा इथे भुईमुगाचे रान होते. भुईमूग काढून त्यांनी झाडे लावायला सुरुवात केली. भुईमूग चार महिन्यांत पैसे देतो, झाड कधी देईल कोण सांगणार? कॅमेरा आला तो छत्तीस वर्षांनी. मग २००३ पासून जपानमध्ये मालिका गाजली आणि तिथल्या मध्यमवयीन बायका घोळक्यांनी येऊ लागल्या. आता त्या वाटेशी नायक-नायिकेचा पुतळा आहे आणि फोटोसाठी रांग लागते. गर्दी आवडली नाही, पण रांगेत उभा राहिलो.

मालिकेचा शेवट मात्र नामीवर नाही. तो देशाच्या दक्षिण टोकाला, गोजेजवळच्या ओएदो या समुद्रातल्या बेटावर आहे. दुसऱ्या दिवशी बसने पाच तास घालवून तिथे गेलो. एवढ्या लांब कशाला, असे भाचा म्हणत होता. सौ. ऐकेना.

ली चांग-हो नावाचा माणूस १९६९ साली मासेमारीला गेला असता वादळात सापडून या बेटावर आला. पुढे त्याने आणि त्याची बायको चोए हो-सुक हिने हे बेट घेतले. संत्र्याच्या जातीची बाग लावली, ती थंडीने गेली. मग डुकरे पाळली, तेही जमले नाही. तेव्हा त्यांनी उतार कापून, पायऱ्या बांधून फुलझाडांची बाग करायला घेतली. १९९५ साली ती लोकांसाठी उघडली. सव्वीस वर्षे! मालिकेतले दोघे जिथे शेवटी भेटतात ती जागा या जोडप्याच्या हातची आहे. मालिका संपली त्याच्या पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, ली वारले. पुढे बाग बाईंनी सांभाळली.

ओएदोला मुक्काम करता येत नाही. ज्या होडीने आलो तिनेच दोन तासांत परतायचे. सौ. समुद्राकडच्या पायऱ्यांवर बसली होती. मालिकेविषयी काही बोलेल असे वाटले, तर विचारते कशी, “बाग थंडीने गेली, त्या रात्री ती नवऱ्याला काय म्हणाली असेल हो?”

तेवढ्यात होडीचा भोंगा झाला.