चहा की कॉफी?

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी धाकटी मावसबहीण दहा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, ती चार दिवस राहायला आली. मी ठेवणीतला टी-सेट काढला. किटलीत चहा, निराळ्या भांड्यात दूध, वाटीत साखर, असा अगदी साहेबी थाट केला. बाईसाहेबांनी ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, कॉफी मिळेल का गं?"

मी खट्टूच झाले. "अगं, इंग्रज म्हणजे चहाचे भोक्ते ना?"

"घरात चहा. पण बाहेर पडलं की हल्ली सगळे कॉफीच्याच दुकानात शिरतात," ती म्हणाली.

शाळेत मी मुलांना आजवर सांगत आले, की इंग्रज म्हणजे चहा. मग जरा वाचून काढलं. काय सांगू, लंडनमध्ये आधी रुजली ती कॉफीच! १६५२ साली तिथं पहिलं कॉफीगृह निघालं. एक पेनी टाकावी, कॉफी प्यावी आणि व्यापाराच्या, राजकारणाच्या गप्पा छाटाव्यात. पण बसणारे सगळे पुरुष. बाई दिसलीच तर गल्ल्यावर, नाहीतर कॉफी द्यायला. १६७४ साली तर बायकांच्या नावानं एक पुस्तिकाच निघाली, की या कॉफीपायी नवरे घरी निरुपयोगी झालेत! ती खरोखर बायकांनीच लिहिली का, याची अभ्यासकांना शंका आहे; पण तक्रार ओळखीची वाटते, नाही का?

चहाला मान मिळवून दिला तो एका सुनेनं. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाची राणी झाली. आपली मुंबई आंदण म्हणून जिच्याबरोबर गेली, तीच ही. तिला चहाची आवड, म्हणून दरबारच्या स्त्रियाही चहा पिऊ लागल्या. चहा तेव्हा इतका महाग, की तो कुलपाच्या पेटीत ठेवायचा आणि किल्ली घरच्या बाईकडे. १७८४ साली त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आणला, तेव्हा कुठं तो गरिबांच्याही आवाक्यात येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, चहाचं रेशन झालं. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम! ते उठलं १९५२ साली. त्या गृहिणींनी कसं भागवलं असेल, ते तुम्हा-आम्हालाच कळेल.

आणि आज? तिथले चहावाले सांगतात, देशात रोज १० कोटी कप चहा खपतो. कॉफीवाले सांगतात, ९ कोटी ८० लाख कप कॉफी. म्हणजे जवळजवळ बरोबरीच!

पण माझ्या मनात घर केलं ते निराळ्याच एका गोष्टीनं. १८६४ साली लंडनच्या एका पाव बनवणाऱ्या कंपनीनं चहाची दुकानं काढायला सुरुवात केली. अशा दुकानांत पुढे बायका सोबतीला पुरुष नसतानाही बिनधास्त बसू लागल्या. एकटीनं बसायचं, एक कप चहा घ्यायचा, उठायचं. कोणी नावं ठेवायची नाहीत.

मी हे सांगितलं तर बहीण म्हणाली, "ताई, तू बसलीयेस कधी अशी एकटी?"

खरं सांगते, नव्हते बसले. लग्नाला बारा वर्षं झाली. शाळा सुटली की एस. टी. स्टँडवर कधीकधी तासभर ताटकळते. समोरच हॉटेल आहे. घसा कोरडा पडतो, पर्समध्ये पैसे असतात. पण लोक काय म्हणतील, म्हणून लिंबाखाली उभी राहते. घरी जाऊन आधी सगळ्यांचा चहा करायचा, मग उरलेला आपण घ्यायचा.

गेल्या आठवड्यात गाडी चुकली. डोकं ठणकत होतं. मनाचा हिय्या केला आणि शिरले आत. दोन-चार माना वळल्या, पुन्हा आपापल्या बशीकडे गेल्या. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "एक कॉफी."

पोरगा म्हणाला, "कॉफी नाही बाई, चहा आहे."

चहा घेतला. गरम, पहिल्या धारेचा. संपेपर्यंत उठले नाही.

रात्री भीतभीतच घरी सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "साखर बेताची होती ना?"