फळीवरचं वाळवण

शार्क्युटरी हा शब्द आमच्या टीममध्ये पाच जण पाच प्रकारे उच्चारतात. एक जण 'चारकटरी' म्हणतो, आणि तो सगळ्यांना आवडल्यामुळे आता तोच रूढ झाला आहे. मूळ शब्द फ्रेंच. 'मांस' आणि 'शिजवलेलं' या दोन शब्दांची ती जोडणी आहे. पंधराव्या शतकात पॅरिसमध्ये डुकराचं मांस शिजवून, खारवून, धुरी देऊन विकणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय ठरला, त्याचे नियम झाले. म्हणजे हा दुकानदारीतला शब्द. लाकडी फळीवर गुलाबाच्या आकाराची सलामी मांडून तिचा फोटो काढणं हे सगळं फार अलीकडचं.

पुण्यात आयटीवाल्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी जमायचं असेल तर ही फळी आता जवळपास ठरलेली असते. कारण साधं आहे. दहा माणसांचा स्वयंपाक करायला कुणाला वेळ नाही, बाहेरून मागवलेली बिर्याणी पाहुणे येईपर्यंत गार होते, आणि फळीला गॅस लागत नाही. गेल्या तीन वर्षांत मी अशा पंधरा-वीस फळ्या मांडल्या असतील. आता मित्र लग्नाच्या वाढदिवसाला वगैरे मला फोन करून विचारतात, म्हणून आधी रीत सांगतो.

सुरुवात पाहुण्यांच्या यादीपासून. आमच्या भाषेत रिक्वायरमेंट नीट लिहून घ्यायची. कोण शाकाहारी, कोण अंडं खातो पण मटण नाही, कोण पोर्क खात नाही, कुणाचा शनिवार आहे, कुणाची चतुर्थी. आमच्या नऊ जणांत एक जैन आहे, दोन मुसलमान आहेत आणि एक असा आहे जो घराबाहेर सगळं खातो पण फोटोत ते दिसू देत नाही. त्यामुळे माझ्याकडे एक नाही, दोन फळ्या असतात. शाकाहारी फळी वेगळी, तिच्या सुऱ्या वेगळ्या, आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. एकाच फळीवर मधोमध द्राक्षांची भिंत घालून दोन देश करायचा प्रयत्न लोक करतात. अर्ध्या तासात ती भिंत खाल्ली जाते आणि सलामीची सुरी चीजमध्ये जाते.

प्रमाण : जेवणाआधीचं खाणं असेल तर माणशी पन्नास ग्रॅम चीज आणि तितकंच मांस. तेच जेवण असेल तर दोन्ही दुप्पट करायचं. चीज तीन प्रकारचं पुरतं. एक कडक, एक मऊ, एक तीव्र वासाचं. चीज फ्रिजमधून आधी काढून ठेवावं, म्हणजे वास मोकळा होतो. युरोपातली पुस्तकं तासभर आधी सांगतात. पुण्यात एप्रिलमध्ये वीस मिनिटं पुष्कळ झाली, नाहीतर मऊ चीज फळीवरून चालायला लागतं.

मांडताना आधी वाट्या ठेवायच्या. लोणचं, चटणी, मुरंबा, जे ओलं आहे ते वाटीत. वाट्या तिरक्या, एकमेकींपासून लांब. मग चीज, तेही लांब लांब. थोडं कापून ठेवायचं, कारण अख्ख्या तुकड्याला पहिली सुरी कुणीच लावत नाही. मग मांस. सलामीच्या चकत्या पेल्याच्या काठावर एकीवर एक अर्ध्या चढवत दोन-तीन फेरे लावायचे आणि पेला उपडा करायचा, की गुलाब तयार. हे पहिल्यांदा बघणारा माणूस दाद देतोच. मग कुरकुरीत पदार्थ, मग फळं, आणि शेवटी ज्या फटी राहतील त्यांत बदाम, मनुका, अक्रोड. फळीचं लाकूड दिसलं नाही पाहिजे, एवढा एकच नियम मी पाळतो.

चव खारट मांस आणि स्निग्ध चीजच्या भोवती फिरते. त्यामुळे बाजूला आंबट, गोड आणि तिखट हवं. इथे विलायती बरण्या विकत आणायची काहीच गरज नाही. अंजिराचा जॅम महागडा मिळतो, पण हंगामात पुरंदरची ताजी अंजिरं त्याच्यापेक्षा सरस. कडक चीजबरोबर मोरावळा अप्रतिम लागतो. तासगावकडचे मनुके, नाशिकची द्राक्षं, थोडी काकवी. क्रॅकरच्या जागी मी सोलापूरची कडक भाकरी मोडून ठेवतो. पातळ, कोरडी, महिनोन् महिने टिकणारी. तिच्यावर मऊ चीज आणि वर शेंगाचटणी, हा माझ्या फळीवरचा सगळ्यात आधी संपणारा पदार्थ आहे. गोव्याहून कुणी आलं तर चोरिसची माळ येते. ती मात्र सलामीसारखी कच्ची मांडायची नाही. व्हिनेगर, मिरची, लसूण घालून भरलेलं ते डुकराचं मांस कांद्यावर, त्याच्याच चरबीत शिजवावं लागतं. मी ते गरम करून छोट्या वाटीत देतो, पावाच्या तुकड्यांबरोबर.

एवढं सगळं मांडून झालं की लक्षात येतं, या फळीवर ताजं असं फारसं काही नाही. सगळं टिकवलेलं आहे. चीज म्हणजे टिकवलेलं दूध, मनुका म्हणजे टिकवलेली द्राक्षं, मोरावळा म्हणजे टिकवलेले आवळे. सलामी म्हणजे हिवाळ्याआधी कापलेलं जनावर पुढचे कित्येक महिने पुरवण्याची युक्ती. मांस सडतं ते त्यातल्या पाण्यामुळे. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. मीठ ते पाणी ओढून घेतं, वारा आणि ऊन ते उडवून लावतात, सलामीत आंबवण्यामुळे आम्लताही वाढते. इटलीतल्या पार्मा हॅममध्ये डुकराची मांडी आणि मीठ याखेरीज काहीही नसतं. बाकी काम वर्षभराहून जास्त काळ हवा करते. आफ्रिकेच्या दक्षिणेला बिल्टाँग आहे, तुर्कस्तानात पास्तिर्मा आहे, पेरूच्या डोंगरांतल्या केचुआ भाषेतल्या एका शब्दावरून जर्की हा इंग्रजी शब्द आला आहे. जिथे जिथे जनावर एकदम मोठं आणि भूक रोजची, तिथे तिथे कुणीतरी मांस वाळवलेलं आहे.

मराठीत या सगळ्याला एक चांगला शब्द आहे, वाळवण. पण हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतात त्या कुरडया, पापड, सांडगे, गच्चीवर पसरलेलं पांढरं धोतर आणि राखणीला बसवलेली मुलं. किनारपट्टीवरचे लोक त्यात सुकट-बोंबील धरतील. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीत वाळवण म्हटलं की त्यात चान्या असायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या जनावराचं मांस लांब, पातळ पट्ट्यांमध्ये कापायचं आणि दोरीवर उन्हात वाळत घालायचं. वाळून कडक झालं की तुकडे करून ठेवायचं. मग पावसाळ्यात, हाताला काम नसलेल्या दिवसांत, विस्तवावर भाजून भाकरीबरोबर खायचं, नाहीतर कालवण करायचं. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद आहे, त्यात हे सगळं आहे. मी ते पुस्तक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वाचलं. आमच्या घरात जे पदार्थ दार लोटून घेऊन खाल्ले जायचे, ते छापून आलेले पाहणं ही मोठीच गोष्ट होती. हॉस्टेलच्या खोलीत मी त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

राखणीचं काम माझ्याकडे असायचं, सुट्टीत आजीकडे गेल्यावर. कावळे, घारी आणि कुत्री, तिघांवर एकाच वेळी नजर. आजी म्हणायची, "चानी वाळंस्तोवर ती आपली नसती." हे वाक्य मला प्रोडक्शनमध्ये कोड सोडताना हमखास आठवतं.

याच 2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. गाईची कत्तल 1976च्या कायद्याने आधीच बंद होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्यात येत नाही. पण हा फरक कायद्याच्या कागदावर जितका स्वच्छ आहे तितका रस्त्यावर नसतो, हे कुणालाही माहीत आहे. आमच्या घरी काही वर्षं चान्या झाल्याच नाहीत. शेळीच्या मटणाच्या करून बघ, असं मी एकदा आईला सुचवलं. ती हसली. "शेळीचं कुठं उरतंय रे वाळवायला?" म्हणाली. शेळीचं पाव किलो आणलं जायचं, ते त्याच दिवशी संपायचं. वाळवायला आधी उरावं लागतं.

आता थोडी गंमत. इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी व्हाल्तेलिना नावाचं खोरं आहे. तिथला ब्रेसाओला म्हणजे बैलाचं मांस खारवून, हवेत वाळवून केलेला प्रकार. कागदासारख्या पातळ चकत्या, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. जगभरच्या शार्क्युटरी फळ्यांवर तो मानाने असतो. या ब्रेसाओलासाठी मोठ्या प्रमाणावर ब्राझीलमधल्या झेबू जनावरांचं मांस वापरलं जातं. झेबू म्हणजे वशिंड असलेली, आपल्याकडची गुरं. ब्राझीलमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी नेलोरे ही जात आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून आलेली, तिचं नावच नेल्लोरवरून पडलेलं. म्हणजे आपल्याच गुरांची लेकरं दोन समुद्र ओलांडून, इटालियन नाव घेऊन चानी होतात आणि तिथे त्यांचा भाव ग्रॅमवर ठरतो.

हे वाचल्यावर काही दिवस ते डोक्यात राहिलं. मग उन्हाळ्यात मी आईला चान्या करायला सांगितलं. म्हशीच्या. मांस मी पुण्यातूनच घेतलं, पावतीसकट, आणि ती इथे आली तेव्हा आमच्या गॅलरीत बारीक जाळी लावून वाळवलं. चार दिवसांत पट्ट्या लाकडासारख्या झाल्या. त्यातला एक डबा मी पुढच्या शनिवारसाठी ठेवला.

फळी मांडताना आई शेजारी उभी होती. "मांडून काय ठेवायलास, वाढ की," हा तिचा पहिला आक्षेप. ताटाला तिच्या लेखी शिस्त असते. मीठ कुठे, कोरड्यास कुठे, कुणाला आधी, कुणाला नंतर. इथे सगळेच एका ढिगातून घेणार, हे तिला पटत नव्हतं. दुसरा आक्षेप तिने जरा थांबून घेतला. "हे त्या लोकांम्होरं ठेवणार हायस?"

मी दर वेळी फळीवर चिठ्ठ्या लावतो, टूथपिकला चिकटवलेल्या. ती सोयीची गोष्ट आहे. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. सलामीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : डुकराचं मांस, मीठ, मिरी. त्याच अक्षरात, त्याच आकाराच्या कागदावर मी लिहिलं : चान्या. म्हशीचं मांस, मीठ, ऊन. तुकडे थोड्या तेलात खरपूस तळून, शेजारी लसणाचा ठेचा आणि ज्वारीची भाकरी. चिठ्ठी आईने वाचली आणि काही न बोलता तिने ठेच्याची वाटी अर्धा इंच जवळ सरकवली.

पाहुणे आले. एकाने चिठ्ठी वाचून विचारलं, "म्हणजे जर्की का?" मी म्हटलं, "हो, त्याच घराण्यातलं." त्याने खाल्लं, चिवट आहे म्हणाला, अजून दोन घेतले. एक जण त्या टोकाकडे फिरकला नाही. त्याने चीज-भाकरी मजेत खाल्ली, जाताना आईच्या पाया पडला. त्यात मला काही खटकलं नाही. चिठ्ठी त्यासाठीच तर असते. एका मुलीने फोटो काढताना फळीचा तो कोपरा नेमका वगळला, हेही मी पाहिलं.

आणि एक जण, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसणारा. तीन वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, दुपारचा चहा रोज बरोबर. आडनाव असं की त्यावरून काही कळू नये. माझंही तसंच आहे. तो फळीपाशी बराच वेळ उभा राहिला, चिठ्ठी वाचली आणि मला हळूच विचारलं, "तळल्या का? विस्तवावर नाही भाजल्या?"

जर्की माहीत असलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही.

"फ्लॅटमध्ये विस्तव कुठला," मी म्हटलं. तो हसला, एक तुकडा उचलला आणि आईशेजारी जाऊन बसला. पुढचा तासभर ती दोघं काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात चीज वितळायला लागलं होतं. निघताना आईने उरलेल्या चान्या कागदात बांधून त्याला दिल्या. मला विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसात आम्ही त्यावर काही बोललो नाही. फक्त चहाच्या वेळी त्याने गॅसवर जाळी ठेवून भाजायची एक पद्धत सांगितली, ती चांगली आहे.

कुणाला करून पाहायच्या असतील तर पट्ट्या बोटापेक्षा पातळ कापा, जाळी लावा, वाळल्या तरी तळून किंवा भाजूनच खा. आणि मार्च ते मे एवढाच काळ धरा. जुलैत पुण्यात काहीही वाळत नाही, कपडेसुद्धा.